खोली एक, वर्ग दोन आणि बसलेला घसा

(वर्धा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांमधून शिकवून निवृत्त झालेल्या बाई या सदरात प्राथमिक शिक्षकांच्या पत्रांना उत्तरं देतात. जागेअभावी पत्रं आखूड केली आहेत. पाठवणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत.)

प्रश्न : मी शिक्षणसेवक म्हणून घाटंजी तालुक्यातल्या एका गावात रुजू झाले. शाळा द्विशिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. माझ्या खोलीत सव्वीस मुलं. पहिलीला शिकवायला बसले की दुसरीवाले भांडतात, दुसरीकडे वळले की पहिलीचे बाहेर पळतात. सर केंद्रावर बैठकीला गेले की चारही वर्ग माझ्यावर. संध्याकाळपर्यंत घसा बसतो. डी.एड.ला शिकलेलं इथं काहीच उपयोगी पडत नाही. काय करू?

उत्तर : पोरी, घसा बसतोय म्हणजे तुझा आवाज नको त्या कामाला लागलाय. ‘खाली बस’, ‘जागेवर जा’, ‘पेन्सिल काढ’, ‘दार लाव’ हे तू दिवसभरात किती वेळा बोलतेस ते एकदा कान देऊन ऐक. त्यात शिकवणं कुठंच नाही. खोलीची मांडणी अशी हवी की यातलं निम्मं बोलावंच लागू नये.

शिक्षण हक्क कायद्याचा हिशेबच साठ पटापर्यंत दोन शिक्षक असा आहे. म्हणजे चार वर्ग नि दोन माणसं हे काही एकट्या तुझ्या नशिबी आलेलं नाही. लहान गावात हे असंच राहणार. डी.एड.च्या सराव पाठाला मात्र समोर एकच इयत्ता बसवतात, तीही चाळीस मिनिटं, सगळ्यांना एकच धडा. ते डोक्यातून काढ. पहिली आणि दुसरी हे हजेरीपटापुरतं असू दे. खोलीत मुलं इयत्तेनं न बसता कामानं बसली पाहिजेत.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की थोडी थांब आणि खोली रिकामी कर. मी पाहिलेल्या कितीतरी खोल्यांत निम्मी जागा मुलांची नसतेच. दार न लागणारं लोखंडी कपाट, मोडके बेंच, प्लास्टिकखाली झाकून ठेवलेला टीव्ही आणि कोपऱ्यात तांदळाच्या चुंगड्या. चुंगड्यांवर पोट्टे चढणारच. मी त्यांच्या वयाची असते तर मीही चढले असते. तांदूळ स्वयंपाकखोलीत हलव. मोडक्या बेंचची निर्लेखनासाठी (निकामी म्हणून नोंदीतून काढायला) यादी करून सरांच्या हाती दे, आणि तोवर ते व्हरांड्याच्या टोकाला रचून ठेव.

मग भिंती बघ. छापील तक्ते छताजवळ लावलेले असतात, फुलांची नावं, थोर पुरुष, सूर्यमाला. तिथवर फक्त पालीची नजर पोचते. ते काढ. चार ठेवलेस तरी पुष्कळ, तेही मुलांच्या डोळ्यांसमोर येतील इतके खाली. जमिनीपासून मुलाचा हात पुरेल तिथपर्यंत भिंतीला फळ्याचा काळा रंग मार आणि उभ्या रेघांनी भाग पाड, प्रत्येक पोराचा एक. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे तपासणीसाठी एकत्र धरलेला शाळांचा गट) शाळा पाहायला महाराष्ट्रभरातून शिक्षक जायचे. तिथून येताना बरेच जण फक्त फरशीवरची रंगरंगोटी उचलून आले. उचलायचं होतं ते हे, की लिहायची जागा आणि साहित्य मुलाच्या हाताला लागतं, दर वेळी बाईंना मागावं लागत नाही.

आता खोलीत तीन जागा कर. दाराजवळ तुझी सतरंजी, तिथं सात-आठ जण तुझ्यासोबत. दुसरी जागा ही भिंत, तिथं लिहिणारे. तिसरी कोपऱ्यातली चटई, तिथं पुस्तकं आणि मोजायचं साहित्य. गट फिरत राहतील, तू सतरंजीवरच बसशील. कुठला गट आत्ता कुठं आहे ते दाराशेजारी तीन खिळ्यांना तीन रंगांचे पुठ्ठे अडकवून दाखव, म्हणजे कुणी विचारायला येणार नाही. पहिलीचं मूल एकटं दहा-बारा मिनिटं काम करतं, दुसरीचं फार तर वीस. त्याहून लांब काम दिलंस की गोंधळ झालाच समज.

काम कसलं द्यायचं? ‘पान सात वाचा’ हे पहिलीतल्या मुलासाठी काम नाही, ते कुठं संपतं तेच त्याला कळत नाही. ‘या डब्यातले चिंचोके दहा-दहाचे ढीग करून मांड’ हे काम आहे. झालं की नाही ते त्याचं त्याला दिसतं. तुराट्यांचे बोटाएवढे तुकडे कर, त्यांच्या दहा-दहाच्या जुड्या सायकलच्या जुन्या ट्यूबच्या रबराने बांध. दशक-एकक त्यावर जितकं लवकर समजतं तितकं कुठल्याही तक्त्यावर समजत नाही, आणि तुराटी तुझ्या गावात कुणीही भाराभर देईल. दुसरीच्या मुलाला पहिलीच्या मुलाशेजारी बसव. त्यानं शब्द वाचायचा आणि लहानग्यानं तो चित्राखाली ठेवायचा.

सगळ्यात जास्त गडबड कोण करतं माहीत आहे? ज्याचं आधी होतं तो. ‘झालं मॅडम!’ असं तो ओरडतो, आणि तू दुसऱ्या गटात गुंतलेली असतेस. दोन मिनिटांनी तोच शेजाऱ्याच्या पाठीवर खडूनं बैल काढतो. म्हणून ‘झाल्यावर काय’ हे आधीच ठरलेलं असू दे. खिडकीला आडवी दोरी बांध आणि कपडे वाळवायच्या चिमट्यांनी तिथं चिठ्ठ्या लाव : एक चित्र बघून पाच शब्द लिही, एक कोडं सोडव, पुस्तक घे. ज्याचं झालं त्यानं उठून चिठ्ठी काढायची. ओरडायचं नाही, तुझ्याकडे यायचं नाही. हे अंगवळणी पडेपर्यंत रोज दाखवावं लागेल, सांगून भागत नाही.

‘लघवीले जाऊ काय मॅडम’ या वाक्यानं किती पाठ मोडतात! दाराला एक खिळा मार आणि सुतळीत ओवलेले दोन लाकडी ठोकळे टांग. बाहेर जाणारा एक गळ्यात घालून जाईल. खिळा रिकामा असला की थांबायचं. विचारायचं नाही. पोट बिघडलेल्याला ही अट नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगून टाक. पेन्सिलीचंही असंच. ‘यानं माही पेन्सिल घेतली’ ही तक्रार संपवायची असेल तर सगळ्यांच्या एका डब्यात ठेव आणि सुट्टीच्या आधी एका मुलाकडून मोजून घे.

गट बदलताना टाळ्या वाजवू नकोस, डस्टर आपटू नकोस. गावात गुरुदेव सेवा मंडळ असेल तर जुनी खंजिरी मागून आण. ती दोनदा वाजली की हातातलं खाली आणि नजर तुझ्याकडे. तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे पोरांच्या कानाला ती ओळखीची असते, लगेच उचलतात. पण तिचा उपयोग फक्त गट बदलायला. गप्प करायला वाजवलीस की आठवड्यात तिचा धाक आणि उपयोग दोन्ही गेले.

आणखी एक. फळ्याच्या कोपऱ्यात ‘बोलणाऱ्यांची नावे’ लिहिणारा मॉनिटर तुझ्या वर्गात असेल तर त्याला आजच त्या कामातून मोकळं कर. तो मैत्रांची नावं गाळतो आणि वैऱ्यांपुढे फुल्या मारतो, सात वर्षांच्या वयात याहून वेगळं काय करणार? कामं मात्र सगळ्यांना वाटून दे आणि दर सोमवारी बदल. पाणी भरणं, चटया झटकणं, पुस्तकं मोजणं, पायपुसणं झाडणं, फळा पुसणं. पोट्टे पाणी आणणार आणि पोरी झाडणार असं गावात असतं, शाळेत नको. आपल्याच वर्ध्यात १९३७ च्या ऑक्टोबरात शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिकवायची गांधीजींची पद्धत, निघाली. पुढं सेवाग्रामला सफाई, स्वयंपाक, बाग ही शिक्षणाचीच अंगं मानली गेली. एवढं सगळं जवळ घडलं, आणि आपण मात्र झाडू मारणं शिक्षा म्हणून देतो! शिक्षा म्हणून कुणाच्या हाती झाडू देऊ नकोस, मग तो कुणीही आनंदानं घेईल.

सर नसतील त्या दिवशी चारही वर्गांना नवीन काही शिकवायला जाऊ नकोस. त्या दिवसाचं वेगळं काम तयार ठेव. चौथीची मुलं जोड्यांनी पहिलीला गोष्ट वाचून दाखवतील. मग सगळी मैदानावर. निंबाचा घेर किती वीत, हातपंपापासून दारापर्यंत किती पावलं, सायकलच्या चाकाच्या एका फेऱ्यात जमीन किती जाते. मोठ्यांनी मोजायचं, लहानांनी खडे ठेवायचे, वहीत सगळ्यांनी. आणि सरांना सोमवारीच विचारून ठेव की या आठवड्यात कुठं कुठं जायचं आहे. त्यांनाही बरंच आधी कळलेलं असतं.

शाळा उघडल्यापासून पोळ्यापर्यंत धडे मागं पडले तरी पडू दे. या सवयी तेवढ्यात बसतात. तान्ह्या पोळ्याला नंदी सजवून झाले की मग वेग घे.


प्रश्न : मारेगाव तालुक्यातून लिहितो आहे. शेतात सीतादही (कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा) झालं की माझ्या तिसरी-चौथीचा निम्मा वर्ग रिकामा. काही पोरं वेचणीला जातात, काही घरी लहान भावंडं सांभाळतात. एक मुलगी धाकट्याला कडेवर घेऊनच येते. जानेवारीत सगळी परत आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बाकीची कंटाळतात. वर्गाची घडी कशी टिकवावी?

उत्तर : गुरुजी, सगळी गैरहजेरी एकाच रकान्यात धरू नका. दसरा झाला की संध्याकाळी घरोघरी एक चक्कर मारा आणि तीन याद्या करा. स्वतःच्याच शेतात वेचणी करणारी घरं, मजुरीनं जाणारी घरं, आणि गाव सोडून दुसरीकडे कामाला जाणारी घरं. गाव सोडणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मूल आजीकडे किंवा नातेवाइकाकडे गावातच राहतं आणि त्याच्या जेवणाची सोय होते. पण घराला कुलूप लागायच्या आधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि प्रस्ताव पंचायत समितीत पोचायला हवा. दिवाळीनंतर धावपळ करून उपयोग नसतो.

मजुरीच्या घरी बापाला कायदा ऐकवून काही होत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही, घरच्या कामाला हात लावायचा तोही शाळा सुटल्यावर, हे त्याला सांगा जरूर. पण वेचणीचे पैसे किलोवर मिळतात हे तुम्हीही विसरू नका. आईचे दोन्ही हात पऱ्हाटीत असतील तर तान्हं कुणाकडे, हा तिचा खरा प्रश्न आहे. पूर्वप्राथमिकला अंगणवाडी तीन वर्षांपुढचं मूल घेते. त्याहून लहान असेल तर ते शाळेतच येऊ द्या. त्या मुलीला दाराजवळची जागा द्या, शेजारी एक जुनी गोधडी, वाटीत थोडे मुरमुरे. भाऊ रडला तर उठून व्हरांड्यात जायची तिला मुभा, विचारायची गरज नाही. तिला परत पाठवलंत तर ती उद्याही येणार नाही. कुणी तपासणीला आलं आणि तान्ह्याबद्दल विचारलं तर सरळ सांगा, याच्यामुळे हिची हजेरी आहे.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, कारण सगळा वर्ग तारखेनं चालतो. त्याऐवजी प्रत्येकाची एक पातळ पिशवी करा आणि भिंतीला टांगा. तिच्यात वाचनाचे आणि गणिताचे कागद क्रमानं लावलेले. मूल जिथं थांबलं तिथं खूण. जानेवारीत आलं की तिथूनच पुढं चालेल, बाकीच्यांना थांबावं लागणार नाही. आलेल्या दिवशी सगळ्यांसमोर ‘कुठं होतास इतके दिवस’ असं नका विचारू. त्याचं जुनं काम त्याला परत द्या, पाण्याचं असेल तर पाण्याचं. आणि वेचणीवरून आलेल्या पोरांना काट्यावरचं वजन वाचता येतं, किलोचा भाव माहीत असतो, बाईनं किती वेचलं आणि तिला किती मिळाले ते तोंडावर सांगतात. आठवडाभर गुणाकार-भागाकार त्यांनाच शिकवू द्या. न गेलेली पोरं तोंडात बोट घालतील.


प्रश्न : गावातले एक आजोबा नातवाला घेऊन आले आणि सोबत निरगुडीची छडी. म्हणाले, ‘मारा जी मॅडम, आमाले बी गुरुजीनं असंच शिकवलं.’ छडीशिवाय वर्ग ऐकतही नाही. काय उत्तर द्यावं? (आर्णी तालुका)

उत्तर : छडी घ्या, चहा पाजा, आणि छडीचा उपयोग फळ्यावरची अक्षरं दाखवायला करा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मारणंही बंद आहे आणि मनाला लागेल असं छळणंही. कान धरून उभं करणं, भर वर्गात ‘ढ’ म्हणणं, हेही त्यातच आलं. आजोबांना हे कलम नाही सांगितलंत तरी चालेल. नातवाची वही दाखवा, महिन्यापूर्वीचं पान आणि आजचं पान शेजारी शेजारी. वर्ग ऐकत नाही त्याचं उत्तर वर पहिल्या पत्रात आलंय. नातू कधी मारामारी करतो ते मात्र चार दिवस लिहून ठेवा. माझा अंदाज, खिचडीच्या रांगेत. तसं असेल तर रांगच मोडा. गटागटानं ताटं घेऊन बसवा आणि वाढणारे फिरू द्या.


प्रश्न : धानोरा तालुक्यात (गडचिरोली) बदलीनं आलो. पहिलीत चौदा मुलं, घरी सगळी गोंडी बोलतात. वर्ग अगदी शांत असतो, साहेबांनी शिस्तीचं कौतुकही केलं. पण मुलं उत्तरच देत नाहीत. मी काय करावं?

उत्तर : साहेबांच्या कौतुकावर जाऊ नका. पहिलीची चौदा पोरं दिवसभर शांत बसतात म्हणजे त्यांना तुमचं बोलणं कळत नाही आणि चुकण्याची भीती वाटते. दुसऱ्या गावातल्या लग्नात आपण अनोळखी माणसांत बसतो तशी ती बसलेली आहेत. सुट्टीत चिंचेखाली जाऊन ऐका, तिथं काय कलकलाट असतो!

मातृभाषेतून शिकवावं, जमेल तितकं, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ म्हणतंच. तुम्ही गोंडी पूर्ण शिकेपर्यंत थांबू नका. वर्ग चालवायला रोज लागणारी वाक्यं पंधरा-वीसच असतात. या, बसा, उभे राहा, घ्या, ठेवा, पाणी पिऊन या, दाखव, पुन्हा म्हण. ती खिचडी शिजवणाऱ्या ताईंकडून शिका आणि वहीत देवनागरीत लिहून घ्या. गावाप्रमाणे बोली बदलते, म्हणून पुस्तकातून न घेता त्यांच्याच तोंडून घ्या. तुमचे उच्चार चुकले की पोरं हसतील. हसू द्या, त्याच दिवशी ती बोलायला लागतील.

मोजणी आधी त्यांच्या भाषेत, उंदी, रंड, मूंद अशी. हातात मोहाच्या टोळ्या (बिया) किंवा खडे. तीन खडे तीनच असतात हे पक्कं झाल्यावर मराठी आकडे शिकायला वेळ लागत नाही. वस्तूंच्या जागांवर शब्दापेक्षा चित्र लावा. पाण्याच्या माठावर पेल्याचं, पुस्तकांच्या पेटीवर पुस्तकाचं. चौथीतली एखादी मुलगी दोन्ही भाषा बोलणारी असेल तर परिपाठानंतर अर्धा तास ती माझ्याकडे द्या म्हणून मुख्याध्यापकांना सांगा. पण रोज एकाच मुलीला नाही, तिलाही तिचा अभ्यास आहे. आणि पहिल्या सहामाहीत ‘मराठीत बोल’ हे वाक्य तोंडातून काढू नका. मूल गोंडीत बोललं तर तुम्ही मराठीत उत्तर द्या आणि पुढं चला. मार्चमध्ये काही घरची मुलं पहाटे मोह वेचायला जातील आणि वर्गात पेंगतील. त्यांना तासभर झोपू दिलं तर काही बिघडत नाही.


प्रश्न : आमच्या खोलीवर टिनाचं छप्पर आहे. होळी झाली की मुलं अक्षरशः उकडून निघतात. शिकवणं दूर, सांभाळणंही होत नाही. (चिमूर तालुका)

उत्तर : आपल्याकडे ऊन आहे म्हणूनच बाकीच्या महाराष्ट्रात जूनच्या मध्याला शाळा उघडते आणि विदर्भात त्याहून उशिरा. पण मार्च-एप्रिल कुणाला चुकलेला नाही. सकाळची शाळा सुरू झाली की नवीन आणि अवघड सगळं पहिल्या दोन तासांत संपवा. परिपाठ आखूड करा, तोही सावलीत. उन्हं चढली की वर्ग झाडाखाली न्या. तिथं वाचन, गोष्टी, चित्रं. पाण्याचा माठ वर्गातच ठेवा आणि पाणी प्यायला उठायची सगळ्यांना मोकळीक द्या. पहिल्या पत्राच्या उत्तरात सांगितलेला ठोकळ्यांचा नियम त्या दिवसांत बाजूला ठेवला तरी चालेल.

टिनावर वरून चुन्याचे दोन हात मारले की आतली धग कमी होते, हे करून पाहिलेलं आहे. पश्चिमेच्या खिडकीला बांबूचे तट्टे लावा. वर तणस पसरायला कुणी सुचवलं तर ऐकू नका, ठिणगी पडली तर विझवायला वेळ मिळत नाही. चुना, तट्टे आणि मजुरी यांचा खर्च फार नाही, पण तोही तुम्ही खिशातून करू नका. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्या. समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात आणि त्यांचीच पोरं त्या टिनाखाली बसतात, त्यामुळे कुणी नाही म्हणणार नाही. ठरावाची प्रत जोडून ग्रामपंचायतीला अर्ज द्या, जानेवारीतच, होळीची वाट बघत बसू नका. ग्रामपंचायतीकडून पोच घ्यायला विसरू नका.